दिव्यापुढें धरलेलें चित्र

रेडिओवरून चित्रांविषयीं बोलावयाचें हें काम थोडें विनोदीच आहे. माझ्याजवळ फळा नाहीं, खडू नाहीं, आणि ऐकणारांच्या डोळ्यांपुढें मला कांहीं धरतांही येत नाहीं. म्हणून आरंभींच एक विनंती करतों. लहानपणीं दिवे गेले असतां कंदिलापुढें हात धरून भिंतीवर आपण जो ससा किंवा जें हरिण नाचविलें असेल, तें क्षणभर आठवावें. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत या खेळांत माझ्या थोरल्या बहिणीचा हात धरणारें कोणी नव्हतें. तिचा ससा कान हलवी, मिशा फेंदारी, आणि आम्हां धाकट्यांना खरोखरच भीति वाटे. कंदील मात्र बिचारा एका जागीं मुकाट्यानें जळत असे. चित्र करी तो हात. आणि तोही प्रकाश देऊन नव्हे, तर प्रकाश अडवून.

आज आपल्या भिंतीवर जो सपाट टेलिव्हिजन टांगलेला असतो, कचेरींत ज्याच्यापुढें आपण दिवसभर बसतों, आणि चित्रपटगृहांत ज्या यंत्रांतून पडद्यावर चित्र पडतें, त्यांतील बहुतेकांत हाच कंदील आणि हाच हात आहे. फरक इतकाच कीं, हाताच्या जागीं आतां लक्षावधि सूक्ष्म झडपा आल्या आहेत. शास्त्रीय ग्रंथांत अशा साधनाला लाइट मॉड्युलेटर म्हणतात. मी त्याला आपलें साधें नांव देतों : प्रकाशाची झडप.

चित्र उजळून दाखविण्याच्या रीति पाहूं गेल्यास दोनच आहेत. पहिलींत चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. दिवाळींत पणत्या ओळीनें मांडून अक्षरें काढतात, ती ही रीत. दुसरींत दिवा एकच, सतत जळणारा, आणि त्याच्या वाटेंत असें कांहीं ठेवावयाचें कीं, तें कोठें प्रकाश पुरा जाऊं देईल, कोठें थोडा, आणि कोठें मुळींच नाहीं. या दुसऱ्या रीतीचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. आणि त्याचा बराचसा भाग आपल्या पुण्याच्या आसपास घडलेला आहे.

या रीतीचा आपल्याकडील एक थोर उपासक कल्याणचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणांतला मायावी असुर, आणि त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया. कांचेवर पारदर्शक रंगांनीं हातानें काढलेलीं पौराणिक प्रसंगांचीं चित्रें, मागें दिवा, पुढें भिंग, आणि जोडीला निवेदन व संगीत, असा हा थाट असे. पटवर्धन आणि त्यांचे पुत्र नुसतीं स्थिर चित्रें दाखवून थांबले नाहींत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या कांचांवर रंगवून त्या ते झटपट बदलीत, म्हणजे पडद्यावरील पात्र हालचाल करतांना दिसे. येथें रंगविलेली कांच हीच झडप. तिचा तांबडा भाग तांबडाच प्रकाश सोडतो, काळा भाग कांहींच सोडीत नाहीं. मात्र ही झडप एकदां रंगविली कीं कायमची. आणि ती बदलण्याचा वेग म्हणजे माणसाच्या मनगटाचा वेग.

सिनेमानें नेमकें हें मनगट यंत्राचें केलें. पुण्यांत १९१५ सालीं मंडईच्या परिसरांत आर्यन सिनेमा निघाला, आणि त्याच्या पडद्यावर जें दिसे तेंही दिव्यापुढें धरलेल्या वस्तूचेंच चित्र होतें. फिल्मवरील काळेपणा शाईचा नसतो. तो चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. चांदी दाट तेथें प्रकाश अडतो, विरळ तेथें जातो. एक चित्र जाऊन दुसरें येईपर्यंत एक फिरती चकती दिवा झांकून टाकते, नाहींतर सगळें फराटेच दिसतील. तेव्हां प्रेक्षक जवळजवळ निम्मा वेळ निखळ अंधारांत बसलेला असतो. पुण्याच्या प्रेक्षकाला हें त्या काळीं कोणी समजावून सांगितलें असतें, तर त्यानें अर्धें तिकीट परत मागितलें असतें!

पुढें १९३३ सालीं प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली. बोलपटाचें युग नुकतें सुरू झालें होतें आणि कंपनीच्या ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. प्रभातच्या चित्रकलेविषयीं, भव्य देखाव्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीनें मात्र ध्वनिमुद्रणाची खोली ही स्टुडिओंतील सर्वांत महत्त्वाची जागा होय, आणि तिच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे.

बोलपटाच्या फिल्मवर चित्रांच्या बाजूनें इंचाच्या दशांशाएवढी रुंद एक पट्टी धांवते. आवाज तेथें असतो. मायक्रोफोनपुढें गाणारा गातो. त्याच्या आवाजाबरोबर विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. आणि तो प्रवाह एका चिंचोळ्या फटींतून येणाऱ्या प्रकाशाला कमीजास्त करतो. कांहीं यंत्रांत हें काम धातूच्या दोन नाजुक फिती एकमेकींच्या जवळ-दूर जाऊन करीत, कांहींत एक चिमुकला आरसा थरथरून करी. खालून सेकंदाला दीड फूट या वेगानें फिल्म सरकत असते. तिच्यावर प्रकाशाचा हा चढउतार उमटतो, आणि चित्रपटगृहांत तोच पुन्हां वाचला जाऊन आवाज होतो. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ मधील विष्णुपंत पागनिसांचा सूर आपण ऐकतों, तेव्हां फिल्मच्या कडेस प्रकाशानें लिहिलेली ती रेघच आपण ऐकत असतों.

येथें एक मोठी गोष्ट घडली होती. रंगविलेल्या कांचेला किंवा चांदीच्या कणांना हुकूम करतां येत नव्हता. ध्वनिमुद्रणाची झडप मात्र विजेचा हुकूम ऐकत होती, आणि तोही सेकंदाला हजारों वेळां. मग सहजच विचार येतो कीं, याच झडपेनें चित्र कां दाखवूं नये? अडचण संख्येची आहे. आवाज एका वेळीं एकच गोष्ट सांगतो : या क्षणीं हवेचा दाब किती. त्याला एक झडप पुरते. चित्र मात्र एकाच क्षणीं लाखों ठिकाणचा हिशेब मागतें. पुढील पाउणशें वर्षांचा इतिहास हा त्या एका झडपेच्या लाखों झडपा कशा झाल्या, याचा आहे.

प्रथम लोकांनीं एकाच झडपेवर काम भागवून पाहिलें. ग्लासगोच्या जॉन केर यांनीं १८७५ सालीं दाखविलें होतें कीं, कांहीं पदार्थांवर विजेचा दाब दिला असतां त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचें रूप पालटतें. हाच गुण वापरून जर्मनींतील लाइपझिग येथें ऑगस्ट कारोलुस यांनीं १९२० नंतरच्या दशकांत टेलिव्हिजनसाठीं झडप केली. एकच प्रकाशाचा झोत, वाटेंत ती झडप, आणि मग फिरत्या आरशांनीं तो झोत पडद्यावर ओळीओळीनें फिरवावयाचा. युक्ति सुरेख, परंतु सबंध पडद्याच्या वांट्याला एका ठिपक्याचा प्रकाश. घरांत दहा माणसांनीं एकाच पणतीवर वाचावयाचें ठरविलें तर जें होईल तेंच झालें.

याहून धाडसाची कल्पना झुरिचच्या फ्रिट्स फिशर यांची. १९३९ सालीं त्यांनीं तेलाचीच झडप केली. आरशावर तेलाचा पातळ थर. त्यावर निर्वातांत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीनें फिरतो. जेथें विद्युत्‌भार पडेल तेथें तेलाला सुरकुती पडते. दिवा सिनेमाचाच, धगधगता. सपाट तेलावरून परतलेला प्रकाश वाटेंतील पट्ट्यांवर अडतो, सुरकुतीवरून वांकलेला तेवढा त्यांच्या फटींतून निसटून पडद्यावर जातो. या यंत्राला आयडोफोर असें नांव मिळालें आणि मोठ्या सभागृहांत टेलिव्हिजनचें चित्र दाखविण्यास तें पुढें कित्येक वर्षें वापरलें गेलें. यंत्र कपाटाएवढें, किंमत भयंकर, आणि तेलाची मर्जी सांभाळणारा माणूस सतत जवळ हवा. परंतु दिवा निराळा आणि चित्र निराळें हें तत्त्व त्यानें विजेच्या राज्यांत पक्कें केलें.

आपल्या घरांत टेलिव्हिजन आला तो मात्र या वाटेनें आला नाहीं. दिल्लीस १९५९ सालीं, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, आणि सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्यास १९७३ सालीं टेलिव्हिजन दिसूं लागला. तो संच पणत्यांच्या जातीचा होता. कांचेच्या मोठ्या नळींत मागून इलेक्ट्रॉनांचा मारा होई आणि पुढच्या कांचेवरील लेप स्वतःच उजळे. त्या झोताला वळण्यास जागा लागे, म्हणून संचाची पाठ पुढें आलेल्या पोटाइतकी मोठी, आणि कपाटांत त्याच्यासाठीं खास खण. वाड्यांत ज्याच्याकडे संच असे त्याच्या दारांत रविवारीं संध्याकाळीं चपलांचा ढीग पडे. हा संच तीस वर्षें नांदला. भिंतीवर टांगण्याजोगा तो होणें शक्यच नव्हतें.

आतां पुन्हां मागें जाऊन एक निराळा धागा उचलूं. १८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरांतील कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. त्यापासून केलेला एक पदार्थ त्यांनीं तापविला, तो १४५.५ अंशांवर वितळला; पण वितळून झाला गढूळ, आणि १७८.५ अंशांवर तोच एकाएकीं स्वच्छ झाला. एका पदार्थाला दोन वितळबिंदु! त्यांनीं तो जर्मन पदार्थवैज्ञानिक ओटो लेमान यांच्याकडे पाठविला, आणि लेमान यांना दिसलें कीं हा द्रव वाहतो पाण्यासारखा पण प्रकाशाशीं वागतो स्फटिकासारखा. त्याच्यांतील लांबट रेणु वाहतांनाही एका दिशेला तोंड करून राहतात. वारीच्या दिंडींत माणसें चालत असतात, पुढेंमागें होतात, पण तोंडें साऱ्यांचीं पंढरीकडे, तसें कांहींसें. हे द्रवस्फटिक पुढें सुमारें पाऊणशें वर्षें प्रयोगशाळेंतील एक कौतुकाची वस्तु म्हणून पडून राहिले. त्यांच्या अभ्यासांत आपलाही वाटा आहे : बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ सालीं चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

झडप म्हणून या द्रवाचा उपयोग अमेरिकेंत जॉर्ज हाइलमायर यांनीं १९६८ सालीं करून दाखविला. आणि ज्या रचनेनें जग जिंकलें ती १९७० सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें, एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनीं बसविली. ती समजण्यास वाड्यांतल्या दोन गोष्टी पुरेत : गजांची खिडकी आणि वळणाचा जिना.

प्रकाश ही लहर आहे, आणि तिचें कंपन निरनिराळ्या दिशांनीं होत असतें. एक विशेष प्रकारचा पापुद्रा असा असतो कीं, तो एकाच दिशेचें कंपन पुढें जाऊं देतो. उभ्या गजांच्या खिडकींतून काठी उभी धरली तर बाहेर जाते, आडवी धरली तर अडते; पापुद्र्याचें वागणें असेंच समजावें. आतां असे दोन पापुद्रे घ्या. एकाचे ‘गज’ उभे, दुसऱ्याचे आडवे. पहिल्यांतून आलेलें उभें कंपन दुसऱ्यावर अडणार, अंधार होणार. परंतु दोहोंच्या मध्यें दोन कांचांमधल्या, केंसाच्या दशांशाहून पातळ फटींत द्रवस्फटिक भरला आहे आणि त्याचे रेणु एका कांचेपासून दुसऱ्या कांचेपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें हळूहळू काटकोनांत वळत गेले आहेत. प्रकाशाचें कंपन या जिन्यानें वळत उतरतें, उभ्याचें आडवें होतें आणि दुसऱ्या खिडकींतून सुखरूप बाहेर पडतें. झडप उघडी. मग दोन कांचांच्या मध्यें विजेचा थोडा दाब द्या. रेणु कांचेशीं काटकोन करून उभे राहतात, जिना मोडतो, कंपन जसेंच्या तसें दुसऱ्या खिडकीवर आदळतें. झडप बंद. दाब कमीजास्त केला तर झडप अर्धी-पाव उघडते. यांत हालणारा दांता नाहीं, चाक नाहीं, आणि वीज इतकी थोडी लागते कीं मनगटी घड्याळांतील वाटाण्याएवढी बॅटरी वर्षभर पुरते.

घड्याळांत आणि आंकडेमोडीच्या यंत्रांत ही झडप लवकरच आली, कारण तेथें पांचपन्नास काड्या काळ्या-पांढऱ्या केल्या कीं काम होतें. टेलिव्हिजनच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. आणि प्रत्येक ठिपक्यांत तांबड्या, हिरव्या व निळ्या कांचेमागें तीन झडपा. एकूण ६२ लाख २० हजार ८०० झडपा, आणि प्रत्येकीला सेकंदाला साठ वेळां नवा हुकूम! प्रत्येकीला स्वतंत्र तार नेणें अशक्य. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें पीटर ब्रोडी यांनीं १९७३ च्या सुमारास प्रत्येक झडपेच्या कोपऱ्यांत कांचेवरच एक पातळ ट्रान्झिस्टर बसवून दाखविला. पहारेकऱ्यानें निरोप घ्यावा आणि पुढचा निरोप येईपर्यंत दार तसेंच धरून ठेवावें, हें त्याचें काम. ही कला कारखान्यांत उतरण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षें लागलीं, आणि मग कपाटांतले ते खण एकाएकीं रिकामे झाले.

याची साक्ष कोणालाही घरीं घेतां येईल. चकाकी मारणारा, पोलरॉइडचा म्हणून मिळणारा गॉगल डोळ्यांस लावून असा पडदा पाहावा आणि मान हळूहळू एका खांद्याकडे कलवावी. एका विवक्षित कोनांत संबंध चित्र विझतें. दिवा चालू असतो, झडपाही चालू असतात. आपण फक्त तिसरी खिडकी मध्यें आणलेली असते.

या रीतीची उधळपट्टी मात्र विलक्षण आहे. पहिला पापुद्राच निम्मा प्रकाश खातो, रंगाची कांच उरलेल्याचा दोन तृतीयांश खाते, बाकीची गळती निराळी. दिव्यानें शंभर भाग दिले तर डोळ्यांपर्यंत पांचसात पोंचतात. शिवाय झडप पुरी मिटत नाहीं. रात्रीं खोलींतले दिवे मालवून काळ्या रात्रीचा प्रसंग पाहावा. काळा रंग राखाडी दिसतो, कारण मागें कंदील जळतच असतो. म्हणूनच अलीकडे पुष्कळ मोबाइल फोनांत आणि महाग संचांत पणत्यांची रीत परत आली आहे. तेथें प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळें म्हणजे खरोखरच विझलेलें असतें. दोन रीतींचें हें भांडण संपलेलें नाहीं.

चित्रपटगृहांत निराळी झडप आहे. १९८७ सालीं अमेरिकेंत लॅरी हॉर्नबेक यांनीं सिलिकॉनच्या एका तुकड्यावर लक्षावधि आरसे मांडण्याची युक्ति काढली. एकेक आरसा केंसाच्या जाडीच्या एका अंशाएवढा, आणि बिजागरीवर दहाबारा अंश इकडे किंवा तिकडे झुकणारा. इकडे झुकला तर प्रकाश पडद्यावर, तिकडे झुकला तर एका काळ्या खाईंत. अर्धा प्रकाश त्याला देतांच येत नाहीं. मग करडी छटा कशी? तो सेकंदाला हजारों वेळां इकडेतिकडे झुकतो, आणि इकडे किती काळ राहिला यावर आपला डोळा छटा ठरवितो. ज्यांना ध्वनिमुद्रणाच्या खोलींतला तो थरथरणारा एकुलता आरसा आठवत असेल, त्यांना त्याचीं हीं नातवंडें ओळखूं येतील. हिंदुस्थानांतील बहुतेक चित्रपटगृहांतून फिल्म गेली आणि हे आरसे आले, तें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत.

फिल्म गेली, आणि तिच्याबरोबर एक गुण गेला. त्याविषयीं पुण्याच्या माणसानें तरी बोललें पाहिजे. कांचेवरील चित्र किंवा फिल्म ही झडपही होती आणि आठवणही. जें प्रकाश अडवीत होतें, तेंच चित्र सांभाळीतही होतें. नव्या झडपा कमालीच्या आज्ञाधारक आहेत आणि तितक्याच विसरभोळ्या. एका सेकंदाच्या साठाव्या भागापलीकडे त्यांना कांहीं आठवत नाहीं. चित्र दुसरीकडे कोठें तरी आंकड्यांच्या रूपानें असतें, आणि ते आंकडे वाचणारें यंत्र शाबूत असेल तरच तें चित्र.

जुनी आठवण तरी चिरंजीव होती काय? तसेंही नाहीं. प्रभातच्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाच्या जातीची. ती एकदां पेटली कीं बाहेरच्या हवेवांचूनही जळत राहते. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि प. कृ. नायर यांनीं गांवोगांव फिरून अडगळींतल्या पेट्यांतून आपला चित्रेतिहास गोळा केला. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ ची फिल्म आज पाहावयास मिळते ती त्यांच्यामुळें. त्याच आवारांतल्या नायट्रेट फिल्मच्या जुन्या कोठाराला ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली आणि शेंकडों चित्रपटांचीं रिळें जळालीं. त्यांत प्रभातच्या मूळ प्रतीही होत्या. यांतील कांहीं चित्रपट दुसऱ्या फिल्मवर उतरविलेले होते म्हणून वांचले. परंतु कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष बसलेली, त्या दिवशींचा प्रकाश जिच्यावर पडला ती चांदी गेली ती गेलीच.

मागें एका परिचितांनीं मला दोन वस्तु दिल्या, त्या माझ्या टेबलावर आहेत. एक वीतभर फिल्मचा तुकडा. कोणत्या चित्रपटाचा, तें त्यांनाही माहीत नव्हतें. दुसरी, बिघडलेल्या टेलिव्हिजनांतून काढलेली झडपांची कांच, मागचा दिवा नसलेली. परवां वीज गेली तेव्हां मेणबत्ती लावून दोन्ही तिच्यापुढें धरून पाहिल्या. फिल्मच्या तुकड्यांत नऊवारी नेसलेली एक बाई दारांत उभी होती. कडेच्या पट्टीवर दांतेरी रेघ होती, म्हणजे ती कांहीं तरी बोलत होती. दुसऱ्या कांचेंत मेणबत्तीची ज्योत तेवढी अंधुक दिसली.